चेहरा तुकतुकीत, आत काय?

महोदय,

पुरुषाचा चेहरा तुकतुकीत दिसला की ‘तब्येत ठणठणीत’ असे आपण ठरवून टाकतो. तळजाई टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांत तर हे सर्टिफिकेट फुकट वाटले जाते. चेहरा काहीच सांगत नाही असे नाही. कावीळ डोळ्यांत दिसते, रक्त कमी असेल तर पापणीची आतली बाजू फिकट पडते. पण रक्तदाब आणि मधुमेह वर्षानुवर्षे चेहऱ्यावर उमटत नाहीत.

पुण्याचेच उदाहरण घ्या. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांना मधुमेह का गाठतो, याचा मोठा धागा त्यात होता.

आमच्याकडे स्थळ बघताना मुलाचा फोटो आणि पगार बारकाईने पाहतात, रक्तातली साखर कोणी विचारत नाही. दाढी कोरायला मात्र हे नवरदेव न चुकता सलूनमध्ये जातात. तिथेच रक्तदाब मोजायचे यंत्र ठेवायला काय हरकत आहे?

– एक वाचक, सहकारनगर, पुणे