निकालाची खतावणी मांडायला शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

सीए इंटरचा, म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट होण्याच्या वाटेवरल्या मधल्या परीक्षेचा, नापास निकाल घेऊन जळगावातल्या तुमच्या ऑफिसच्या मागच्या खोलीत जो येतो, त्याला तुम्ही आधी चहा देता आणि मग गुणपत्रिका मागता. किती तास अभ्यास केला, क्लास कुठला लावला, हे विचारतसुद्धा नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येऊन त्या खोलीत बसून गेलेल्या आम्हा सगळ्यांकडून हे पत्र. उघडं लिहितोय, कारण शहाद्याच्या किंवा साक्रीच्या ज्या पोराला तुमच्यापर्यंत येता येत नाही, त्यालाही तुमची पद्धत बारकाव्यांसकट कळावी.

नापास दोन तऱ्हेचं असतं, हे तुम्हीच दाखवलंत. एका ग्रुपचे तीन पेपर, प्रत्येकात किमान ४० आणि तिन्हींची बेरीज किमान १५०. कुणाला ४४, ४१ आणि ५८ मिळतात. तिन्ही पेपर सुटले, पण बेरीज १४३, ग्रुप गेला. कुणाला ७२, ६६ आणि ३७. बेरीज १७५, तरी ग्रुप गेला. घरच्यांना दोन्ही सारखेच. पण पहिल्याचे गुण सगळीकडून थोडे थोडे गळतात, दुसऱ्याचा एकच पेपर अडलेला असतो. दोघांनी एकच टाइमटेबल भिंतीवर चिकटवणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

दुसऱ्याच्या हातात ६० च्या वरच्या दोन पेपरांचं एक्झम्प्शन, म्हणजे ते पुन्हा न देण्याची सूट असते. पुढच्या वेळी त्याला तिसराच पेपर द्यायचा, जुने ७२ आणि ६६ बेरजेत धरले जातात. मात्र जुने गुण असे बेरजेत धरले जातात ते लगेचच्या तीन परीक्षांपुरतेच. इंटर आता जानेवारी, मे, सप्टेंबर अशी वर्षात तीनदा होते. म्हणजे तिन्ही संधी वर्षभरात संपल्या. फॉर्म भरला नाही तरी ती संधी मोजली जातेच. ‘या खेपेला राहू द्या, पुढच्या वेळी बघू’ म्हणणाऱ्यासमोर तुम्ही काही न बोलता भिंतीवरचं कॅलेंडर काढून ठेवता.

मग येते उत्तरपत्रिका. निकालानंतर महिन्याच्या आत अर्ज करून, पेपरमागे ५०० रुपये भरून तिची प्रमाणित प्रत मागवायची. बहुतेक जण गुण वाढतील या आशेने मागवतात आणि हिरमुसतात. फेरतपासणी इथे होतच नाही. गुणपडताळणीत बेरीज बरोबर आहे का आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच बघतात. प्रत मागवायची ती वाचायला.

ती कशी वाचायची, हे शिकवलंत त्यासाठी हे सगळं पत्र. आधी कीर्द. गेलेल्या प्रत्येक गुणाची नोंद: प्रश्न कुठला, किती गेले, का गेले. वर्णनात्मक ७० पैकी २३ मिळाले असतील तर ४७ गुणांचा हिशेब लागलाच पाहिजे, ताळा जमेपर्यंत उठायचं नाही. मग खतावणी, म्हणजे त्याच नोंदी खात्यांत वाटायच्या, चार खात्यांची. ‘माहीत नव्हतं’, ‘माहीत होतं पण आठवलं नाही’, ‘प्रश्न चुकीचा वाचला’ आणि ‘वेळ पुरला नाही’. पहिलंच खातं फुगलेलं निघेल अशी प्रत्येकाची खात्री असते. त्या खोलीत मात्र दुसरं आणि चौथंच फुगलेलं निघत आलंय. आणि नापास झाल्यावर माणूस करतो काय, तर तेच पुस्तक तिसऱ्यांदा वाचायला घेतो. त्याने पहिल्या खात्याशिवाय कुठलंच खातं हलत नाही.

तिसऱ्या खात्याला तुमचं डाळमिलचं उदाहरण. मिलच्या गोदामात तूर पडलीय, खरेदी ८० रुपये किलोची, आजचा भाव ७२. एएस २ या लेखामानकाप्रमाणे साठ्याची किंमत काय धरायची? ‘खर्च आणि निव्वळ विक्रीमूल्य यांतलं कमी’ हे पाठ असलेला हात लगेच ७२ लिहितो. पण तूर कच्चा माल आहे, तेव्हा आधी डाळीकडे बघायचं. डाळीचा उत्पादनखर्च ११० आणि निव्वळ विक्रीमूल्य ११५ असेल तर तूर ८० लाच राहते. डाळच १०५ ला जाणार असेल, तरच तूर खाली आणायची, आणि तेव्हा बदली खर्च, म्हणजे तीच तूर आज घ्यायला लागेल तो भाव, म्हणून ७२ धरायचे. डाळीचं ते वाक्य प्रश्नाच्या शेवटच्या ओळीत असतं. म्हणून शेवटची ओळ आधी वाचायची आणि पेन्सिलीने अधोरेखित करायची.

लॉच्या पेपरात वेगळंच दुखणं. भुसावळची एक खासगी कंपनी १ जूनला नोंदली गेली, संचालक मंडळाने पहिला ऑडिटर १० जुलैला नेमला. चाललं का? पोरगं लिहितं, ‘नाही, ३० दिवसांत नेमायला हवा होता.’ उत्तर बरोबर, गुण मात्र एखादाच, कारण गुण टप्प्यांना असतात. तुम्ही तीन परिच्छेद पाडून घेता. पहिल्यात तरतूद: कंपनी कायदा २०१३, कलम १३९(६), नोंदणीपासून ३० दिवसांत मंडळाने नेमायचा, नाही नेमला तर सभासदांना कळवायचं, आणि सभासदांनी ९० दिवसांत ईजीएम (विशेष सर्वसाधारण सभा) घेऊन नेमायचा. दुसऱ्यात या कंपनीच्या तारखा मोजायच्या. तिसऱ्यात निष्कर्ष: १० जुलैला मंडळाचा अधिकार संपला होता, नेमणूक वैध नाही. कलमाचा आकडा नक्की आठवत नसेल तर नुसतं कायद्याचं नाव लिहायचं, चुकीचा आकडा ठोकायचा नाही.

वेळेचं गणित तर फळ्यावरून कधी पुसलंच जात नाही. १८० मिनिटं, १०० गुण. बहुतेक पेपरांच्या वर्णनात्मक भागात १४ गुणांचे पाच प्रश्न सोडवायचे: पहिला सक्तीचा, उरलेल्या पाचांतून चार. प्रत्येकाला २५ मिनिटं, म्हणजे १२५. तीस गुणांच्या एमसीक्यूला, म्हणजे बहुपर्यायी प्रश्नांना, ४५. उरली दहा मिनिटं, ती ज्याची त्याला. पावणेदोन ते दोन ही वाचनाची पंधरा मिनिटं एकाच कामाला, कुठला प्रश्न सोडायचा ते ठरवायला. ताळेबंद जुळला नाही आणि २५ मिनिटं संपली तर पान उलटायचं. वर्किंग नोट्सना गुण मिळालेले असतात, फरक शोधत बसलं तर पुढचा प्रश्न जातो. एमसीक्यूला इंटरमध्ये निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही गोळा कोरा ठेवायचा नाही.

दुसऱ्या खात्याला कोरा कागद. धडा झाला की दुसऱ्या, चौथ्या, दहाव्या आणि पंचविसाव्या दिवशी पुस्तक मिटून आठवेल ते लिहायचं, मग लाल पेनाने राहिलेलं भरायचं. लाल जास्त दिसलं की दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तीन तास असतील तर एक वाचायला, दोन लिहायला. आरटीपी आणि एमटीपी, म्हणजे परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे (आयसीएआय) उजळणीचे आणि सराव परीक्षेचे पेपर, घड्याळ लावून सोडवायचे, आदर्श उत्तर आधी उघडायचं नाही. टॅक्सला जुन्या नोट्स चालत नाहीत, आपल्या परीक्षेला कुठल्या दुरुस्त्या लागू ते संस्थेच्या अपडेटमध्ये बघायचं.

मे महिन्याच्या परीक्षेचा सराव तुम्ही दुपारी दोन ते पाचच घेता, तोही पत्र्याखालच्या त्या खोलीत. बाहेर पारा ४५ ला टेकलेला. तळहाताखाली रुमाल, नाहीतर घामाने शाई पसरते. जेवण साडेअकराला, हलकं, शेवभाजी संध्याकाळी. हे कुठल्याही स्टडी मटेरियलमध्ये नाही. रंगीत मार्करवरून मात्र तुमचं-आमचं अजून पटलेलं नाही, ते तसंच राहू द्या.

आणि भाषा. पेपर इंग्रजीत किंवा हिंदीत लिहायचा असतो, मराठीची सोय नाही. मराठी शाळेतून आलेली पोरं इंग्रजी वाक्यं घोकतात आणि तिथेच अडकतात. तुम्ही पुस्तक मिटवून म्हणता, ‘तुले काय समजनं ते माले सांग.’ अहिराणीत नीट सांगता आलं की मगच इंग्रजी, तीही छोट्या वाक्यांत, मोजके नेमके शब्द पकडून.

या सगळ्याची फी तुम्ही कधी घेतली नाहीत, तेव्हा आभार तरी घ्या. सप्टेंबरचे फॉर्म भरून झालेत. खतावणीची जुनी वही संपली होती. नवी दोनशे पानी आणून कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवलीय, चार खात्यांची पानं आखून.

आपले,
मागच्या खोलीतले विद्यार्थी