तुमच्या 'संपूर्ण आवृत्ती'बद्दल

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय : 'संपूर्ण' आणि 'मूळ' म्हणून दिलेल्या पुस्तकांत व जुन्या मालिकांत न सांगता केलेली काटछाट

महोदय / महोदया,

तुमच्या पुस्तकं-मालिकांच्या ॲपबद्दलच्या माझ्या पहिल्या तक्रारीवर तुमचं उत्तर आलं. 'हा आशय आपल्या पसंतीस उतरला नाही, याबद्दल दिलगीर आहोत' असं त्यात म्हटलं आहे आणि खाली मला आवडू शकतील अशा इतर शीर्षकांची यादी जोडली आहे. मी पसंतीबद्दल अवाक्षरही लिहिलं नव्हतं. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण गायब आहे, एवढंच लिहिलं होतं. म्हणून आता सविस्तर लिहिते. हे पत्र कोणीतरी माणसाने वाचावं, ही विनंती.

आधी पसंतीचंच बोलून घेते, म्हणजे तो विषय मिटेल. अलीकडे तुमच्याकडे वाचलेली एक फार गाजलेली रहस्यकादंबरी मला अजिबात आवडली नाही. दोन-दोन पानांची प्रकरणं, प्रत्येकाच्या शेवटी दार वाजतं नाहीतर फोन येतो. जी बाई गोष्ट सांगते तिला खुनी कोण हे पहिल्या पानापासून ठाऊक असतं. पण वाचकाला कळू नये म्हणून ती मनातल्या मनात विचार करतानासुद्धा लपवून विचार करते! एवढी अडवणूक सोसल्यावर शेवटी हाती काय येतं, तर योगायोग. एका नटाच्या आत्मचरित्राचंही तसंच. उमेदवारीच्या काळाची पानं सुरेख, आणि यश मिळाल्यापासून पुढे नुसती सत्कारांची जंत्री. पण या दोन्ही पुस्तकांबद्दल माझी तुमच्याकडे काडीचीही तक्रार नाही. लिहिणाऱ्यांनी लिहिलं तसं तुम्ही दिलं, मी वाचलं, मला पटलं नाही. व्यवहार संपला.

तक्रार आहे ती मला आवडणाऱ्या पुस्तकांची.

ज्या अनुवादित कादंबरीबद्दल मी आधी लिहिलं, ती मी पूर्वी छापील वाचलेली आहे. म्हणून तुमच्या आवृत्तीत शेवटचं प्रकरण नाही हे मला समजलं. जे ती पहिल्यांदाच वाचत होते त्यांना कसं समजणार? त्यांचे अभिप्राय त्याच पानावर खाली आहेत, एकदा नजर टाका. शेवट गुंडाळला आहे, गोष्ट मध्येच तुटते, लेखकाचा दम संपला, अशा अर्थाचं लिहून आणि एक-दोन तारे देऊन लोक निघून गेले आहेत. चूक तुमच्या फाइलची आणि बोल लेखकाला. खुलासा करायला तो हयातही नाही.

असं पूर्वीही घडलं आहे. १८५१ च्या ऑक्टोबरात हर्मन मेलव्हिलची 'मोबी डिक' लंडनमध्ये 'द व्हेल' या नावाने तीन खंडांत निघाली, तेव्हा तिचा उपसंहार छापलाच गेला नाही. जहाज बुडतं, सगळे मरतात आणि गोष्ट मात्र त्याच जहाजावरचा खलाशी सांगतो आहे. तो वाचला कसा, हे नेमकं त्या राहून गेलेल्या मजकुरात होतं. तिथल्या काही परीक्षणकर्त्यांनी मेलव्हिललाच धारेवर धरलं, की निवेदक बुडाला असेल तर ही हकिकत आम्हाला सांगितली कोणी? पुढच्याच महिन्यात अमेरिकेत निघालेल्या आवृत्तीत उपसंहार होता, पण लंडनमध्ये पुस्तकाची शोभा व्हायची ती झाली होती. त्या प्रकाशकाला निदान मधल्या अटलांटिक महासागराची सबब तरी होती. तुम्हाला एक फाइल काढून दुसरी ठेवायची आहे.

जुन्या परदेशी पुस्तकांच्या बाबतीत तर तुम्ही काय देता आहात हे तुम्हालाच माहीत नसावं, अशी शंका येते. ज्यूल व्हर्नच्या 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी'चा १८७० च्या दशकातला इंग्रजी अनुवाद घ्या. त्यात मूळ फ्रेंचचा बराच मोठा भाग गाळलेला आहे आणि शास्त्रीय तपशिलांत ढोबळ चुका आहेत. इंग्रजीत व्हर्न म्हणजे पोरांचा लेखक, अशी समजूत होण्यात असल्या अनुवादांचा हात आहे, असं त्याचे अभ्यासक सांगत आले आहेत. पुढे खूप चांगले अनुवाद झाले. पण जुन्याचे हक्क संपलेले, तो फुकट मिळतो. म्हणून नवं मुखपृष्ठ चढवून तोच फिरत राहतो. तुमच्या यादीतही तोच आहे, वर 'संपूर्ण आवृत्ती' अशी पट्टी आहे. फुकट मिळालेलं द्यायला माझी हरकत नाही. अनुवादकाचं नाव कुठे आहे? साल कुठे आहे?

'फ्रँकेन्स्टाइन'चंही तेच. मेरी शेलीने १८१८ ची कादंबरी १८३१ मध्ये स्वतः बदलली. पहिल्या आवृत्तीत एलिझाबेथ ही व्हिक्टरची आतेबहीण आहे, नंतरच्या आवृत्तीत ती घरात वाढवलेली परकी अनाथ मुलगी होते. दोन्ही मजकूर शेलीचेच, दोन्ही वाचण्याजोगे, आणि मला विचाराल तर पहिला अधिक धारदार. तुमच्या प्रतीत प्रस्तावना १८३१ ची आहे आणि कादंबरी १८१८ ची! ही जोडणी कोणी केली, कळेल का?

मराठी पुस्तकांचं दुखणं आणखी वेगळं. छपाईच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळ्या पडद्यांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणताना तो कोणी वाचलेला नाही, हे पानोपानी दिसतं. पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर गेली आहे, रफार भलतीकडेच बसला आहे, 'दुसऱ्या'चं सगळीकडे 'दुसर्‌या' झालं आहे. गद्यात माणूस ठेचकाळत का होईना पुढे जातो. कवितेत ते जमत नाही. तुमच्या ॲपमध्ये पडद्याची रुंदी संपली की ओळ मोडते. कवीने ती मुळात कुठे मोडली होती हे कळायला काही मार्ग नाही. एक आवडता संग्रह मी तुमच्याकडे उघडला आणि चौथ्या-पाचव्या कवितेला बंद केला. ध्वनिपुस्तकांबद्दल थोडक्यात : निवेदकाच्या नावाची जागा रिकामी दिसते, कारण वाचणारा माणूसच नाही. 'चाक' आणि 'चार' यांतला 'च' एकाच पद्धतीने म्हणणारं यंत्र मला ग्रामीण कादंबरीतले संवाद ऐकवतं. यंत्र वापरायचं तर वापरा, पण तसं वर लिहा. मग मी ते ऐकायचं की नाही ते ठरवीन.

आता मालिका. खरा संताप इथे आहे.

जुन्या टीव्ही-मालिकांची चौकट (रुंदी : उंची) ४:३ ची असते, आजचा पडदा १६:९ चा. जुनं चित्र पूर्ण दाखवायचं तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. तुम्हाला त्या नकोत, म्हणून तुम्ही चित्र मोठं करून वरून-खालून छाटता. साधं गणित आहे : पाव चित्र जातं. लहान पडद्यासाठी काम करणारे दिग्दर्शक चेहरे जवळून घेत असत, त्यामुळे तुमच्याकडे निम्मी पात्रं कपाळाशिवाय वावरतात. हातात पत्र असेल तर पत्र दिसत नाही, फक्त ते वाचणाऱ्याचा चेहरा पडलेला दिसतो. एका विनोदी मालिकेत तर दोघे गंभीरपणे बोलत असतात आणि खाली टेबलावर काहीतरी गोंधळ चाललेला असतो. ध्वनिपट्टीवरचे प्रेक्षक खदाखदा हसतात, मला टेबलाची कडसुद्धा दिसत नाही. ते कशाला हसतात, हे मी अभिप्रायांत इतर वर्गणीदारांना विचारलं. त्यांनाही माहीत नाही.

'पट्ट्या दिसल्या की ग्राहक तक्रार करतात' असं तुमच्या फोनवरच्या मदतनीसाने मला सांगितलं. करत असतील. 'द सिम्पसन्स' या अमेरिकी कार्टून-मालिकेचे जुने भाग २०१९ साली असेच छाटून दाखवले गेले. त्यातला एक प्रसिद्ध विनोद असा, की तीन वेगवेगळ्या नावांची बिअर भरली जाते ती वरून एकाच नळीतून येत असते. छाटलेल्या चित्रात नळीच गेली, राहिल्या तीन टाक्या. लोकांनी ओरड केली आणि २०२० मध्ये मूळ चौकटीचा पर्याय द्यावा लागला. म्हणजे हे तंत्राला अवघड नाही. एक बटण लागतं.

तुमच्या 'एचडी' (म्हणजे जास्त बारकाव्यांचं चित्र) या शिक्क्याचंही बोलायला हवं. 'आय लव्ह लुसी' ही अमेरिकी विनोदी मालिका १९५१ पासून ३५ मिमी फिल्मवर, तीन कॅमेऱ्यांनी चित्रित झाली. ती फिल्मवरून नव्याने उतरवली की आजही डोळे निवतात, कारण बारकावे फिल्मवर आधीपासूनच असतात. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ टेपवर घेतलेल्या आपल्याकडच्या मालिकेचं तसं नाही. चित्राच्या दिसणाऱ्या ओळीच ५७६. त्यापलीकडे टेपवर काही नाही. उरलेलं तुमचं सॉफ्टवेअर मनाने भरतं. म्हाताऱ्या नटाच्या सुरकुत्या पुसून जातात, मागच्या गर्दीतल्या लोकांचे चेहरे वितळल्यासारखे दिसतात आणि दुकानाच्या पाटीवर जगातल्या कुठल्याच लिपीत नसलेली अक्षरं येतात. मला ती जुनी, थोडी धूसर टेप चालते. बघायला मी तीच आले होते.

सुरुवात आणि शेवट यांना तुम्ही फालतू समजता, असं एकंदर दिसतं. 'मालगुडी डेज' (१९८६) आर. के. लक्ष्मण यांच्या रेखाचित्रांवर आणि एल. वैद्यनाथन यांच्या सुरावटीवर सुरू होते. ते गाव तिथेच उभं राहतं, गोष्ट नंतर येते. तुमचं ॲप दुसऱ्या भागापासून ती शीर्षकं न विचारता ओलांडतं. 'भारत एक खोज' (१९८८) मध्ये त्रेपन्न भागांत मिळून इतकी माणसं येतात, आणि ओम पुरींसारखे नट निरनिराळ्या शतकांतल्या इतक्या भूमिका करतात, की शेवटची नामावली वाचण्यात अर्धी गंमत आहे. तुमच्याकडे नामावली सुरू झाली रे झाली की ती कोपऱ्यात आक्रसते आणि पुढच्या भागाची उलटी मोजणी चालू होते. 'हम लोग' (१९८४) तुम्ही अजून आणलेली नाही, हे बरंच आहे. तिच्या भागांच्या शेवटी अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी बोलत. तुमच्या यंत्राच्या लेखी गोष्ट तोवर संपलेली असते. दादामुनींनाही कोपऱ्यात पाठवलं असतंत.

काही ठिकाणी तुमचाही नाइलाज असतो, हे मला कळतं. 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' ही १९७८ मध्ये सुरू झालेली मालिका रेडिओ केंद्राबद्दलची, पण नंतरच्या प्रतींमध्ये तिच्यातली मूळ गाणी बऱ्याच ठिकाणी बदलावी लागली, कारण त्यांचे हक्क पुढच्या वापराला पुरणारे नव्हते. हक्क मिळत नाहीत तर मिळत नाहीत. मात्र तुमच्याकडच्या अशाच एका मालिकेत पात्रं एका तालावर पाय आपटतात आणि ऐकू दुसराच ताल येतो. तिथे 'मूळ ध्वनीसह' असं लिहिण्याची काय गरज होती?

तुम्हाला नीट देता येत नाही, असंही नाही. 'ब्योमकेश बक्शी' (१९९३) तुमच्याकडे अगदी जशीच्या तशी आहे, पट्ट्यांसकट. बासू चटर्जींची ही गुप्तहेर-मालिका मला आठवत होती त्याहून चांगली निघाली. ब्योमकेश झालेले रजित कपूर फारशी धावाधाव न करता, बसल्या जागी बोलत गुंता सोडवतात आणि त्याचा मित्र, के. के. रैनांचा अजित, ते ऐकत असतो. अजितला जे दिसतं ते मलाही दिसतं, निष्कर्ष तेवढा ब्योमकेशचा आधी निघतो. वर उल्लेख केलेल्या रहस्यकादंबरीच्या लेखिकेने ती पाहायला हवी, पण ते असो. मुद्दा असा, की तिच्या खाली एकाही ग्राहकाने पट्ट्यांबद्दल तक्रार केलेली मला दिसली नाही.

माझ्या मागण्या सरळ आहेत. त्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण परत घालावं आणि अपुऱ्या प्रतीवर दिलेले तारे काढून टाकावेत, नुसता मजकूर दुरुस्त करून भागणार नाही. प्रत्येक पुस्तकाच्या पानावर आवृत्तीचं साल आणि अनुवादकाचं नाव असावं; संक्षिप्त असेल तर तसं, यंत्राने वाचलेलं असेल तर तसं लिहावं. मालिका मूळ चौकटीत दाखवाव्यात आणि ज्यांना पडदा भरलेला हवा त्यांनी ते बटण दाबावं, उलट नको. सॉफ्टवेअरने रंगरंगोटी केलेल्या प्रतीसोबत साधी प्रतही ठेवावी. शीर्षकं आणि नामावली आपोआप वगळणं बंद करण्याची सोय द्यावी. हे करायचं नसेल, तर निदान 'संपूर्ण' आणि 'मूळ' हे दोन्ही शिक्के काढावेत.

वर्गणीचं नूतनीकरण मी थांबवलं आहे. चालू वर्गणीच्या उरलेल्या मुदतीचे पैसे परत मागण्याचा माझा हक्क मी राखून ठेवते. लेखी उत्तराची वाट पाहते आहे. फोन नको, कारण फोनवर कबूल केलेलं नंतर सापडत नाही.

कळावे,
आपली एक वर्गणीदार

सोबत : १) गाळलेल्या प्रकरणाच्या छापील पानांची छायाचित्रं २) छाटलेल्या आणि मूळ चौकटीतल्या एकाच दृश्याची चित्रं, शेजारी शेजारी ३) मोडलेल्या अक्षरांची यादी, पहिल्या तीन प्रकरणांपुरती