फेलोशिप म्हणजे पगार नव्हे, बाबा

अमरावती

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

परवा फोनवर बाबा म्हणाले, "लोकं इचारतात, पोरीले पगार किती हाय? आता का सांगू?" तेव्हा लॅबमध्ये होते, नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप, हा पगार नाही. सरकार महिन्याला ३७ हजार देतं, ते मी दुसरी नोकरी न धरता संशोधनच करावं म्हणून. दोन वर्षांनी कमिटीपुढे काम मांडायचं. त्यांना पटलं तर एसआरएफ, म्हणजे सिनियर फेलोशिप, ४२ हजार. सगळं मिळून जास्तीत जास्त पाच वर्षं. पेन्शन नाही, पीएफ नाही, आणि विद्यापीठाकडून दर महिन्याची हजेरी वर गेली नाही तर पैसे अडकतात. दिवाळीत घरी पाठवायला हातात काही नव्हतं, ते यामुळेच. लोकांना आकडा मात्र सांगू नका, उसने मागायला लाइन लागेल.

आई, तू विचारतेस, इतकी वर्षं करते तरी काय? एमएस्सीपर्यंत मी पाठ करून लिहायची आणि मार्कं मिळवायची. इथे पहिल्याच सेमिनारला म्हटलं, फरदड ठेवली, म्हणजे वेचणी संपल्यावरही कपाशी वावरात उभी ठेवली, की गुलाबी बोंडअळी वाढते. सरांनी एवढंच विचारलं, "कशावरून?" मी बाबांकडून ऐकलं होतं आणि पुस्तकात वाचलं होतं, तेवढंच. स्वतः तपासलेलं काहीच नव्हतं.

तेव्हापासून वावरात कामगंध सापळे लावते, मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे, आणि त्यात आलेले बोंडअळीचे पतंग मोजते. सलग तीन रात्री सापळ्यात रोज आठ पतंग आले की फवारणीचं बघायचं, हे पुस्तकात होतंच. पण कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या बाजूच्या वावरातले सापळे आधी भरतात, हे मोजल्यावर डोळ्यांनी दिसलं. बाबा, डोमकळी, म्हणजे अळी लागून न उमललेलं फूल, तुम्ही धुऱ्यावरूनच ओळखता. मी ती तोडून पाकळ्या चिमट्याने सोडवते. धाग्यांनी आतून शिवल्यासारख्या असतात. आतली अळी अजून पांढुरकी असते, गुलाबी नंतर होते. कोणती ओळ, कोणतं झाड, कोणती तारीख, सगळं वहीत. २०१७ साली बोंडअळीने आपली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, गेली तेव्हा गावात जो तो बियाण्यालाच शिव्या देत होता. आता मी आधी विचारते, किती बोंडं फोडून पाहिली? मोठ्या माणसाला असं विचारायची हिंमत मला कॉलेजने नाही दिली, या कामाने दिली.

फेलोशिप नसती तर बीएड करून कुठेतरी तासिकेवर शिकवत असते, नाहीतर लग्न झालं असतं. "पोरगी शिकते" म्हटल्यावर मोठे काका ऐकत नव्हते, "सरकार पैसे देऊन शिकवते" म्हटल्यावर गप्प बसले. राग येतो याचा, पण उपयोगही झाला, खोटं कशाला बोलू!

आता लहान्याचं. दहावीनंतर नीटची तयारी नागपूरची महाज्योती ही सरकारी संस्था फुकट करून देते, टॅबही देते. ओबीसीत आपण बसतो. तहसीलमधून नॉन-क्रिमीलेअर आणि डोमिसाईल आत्ताच काढून ठेवा, शेवटच्या आठवड्यात सेतूवर पाय ठेवायला जागा नसते. फॉर्म मी इथून भरते. फक्त आधारला जोडलेला मोबाईल बाबांनी रिचार्ज करून ठेवावा, ओटीपी त्यावरच येतो.

तुमची,
ताई