शांतता समितीच्या बैठकीआधी

चि. मनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गणेशोत्सवाआधीच्या शांतता समितीच्या बैठकीची तयारी या वर्षी पोलीस अधिकारी म्हणून तुझ्याकडे आली, हे परवा फोनवर ऐकून आनंद झाला. ज्यांना बोलावायचे त्यांची जुनी यादी तुला मिळाली आहे आणि तीवर नगरसेवक, माजी नगरसेवक, मंडळांचे अध्यक्ष आणि मशिदींचे विश्वस्त आहेत, असे तू म्हणालीस. ही यादी ऐकून मला आमच्या भिवंडीची आठवण झाली, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

भिवंडीत मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी दंगल उसळली आणि तिच्या चौकशीसाठी मादन आयोग नेमला गेला. मे १९८४ मध्ये शहर पुन्हा पेटले. दोन्ही वेळा शांतता समित्या नव्हत्या असे नाही. त्या होत्या, पण सण तोंडावर आला की एकदा भरायच्या, पुढारी शांततेचे आवाहन करायचे, चहा व्हायचा आणि सगळे आपापल्या वस्तीत परत जायचे. शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या दोन सामान्य माणसांची ओळख त्यातून कधीच होत नसे.

१९८८ साली सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी आधी जुन्या दंगलींची कारणे अभ्यासली आणि मग मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. प्रत्येक कमिटीत दोन्ही समाजांची माणसे सारख्या संख्येने घेतली आणि ती निवडताना पुढाऱ्यांना नव्हे, तर त्या त्या गल्लीत रोज वावरणाऱ्यांना पुढे आणले: शिक्षक, दुकानदार, यंत्रमाग कामगार, घरातल्या बायका. बैठक सणापुरती नसे, वर्षभर चाले. आणि त्या भागाच्या पोलीस शिपायाला तिच्यात खरा अधिकार होता. माझ्या मते सगळ्या योजनेचे मर्म या शेवटच्या गोष्टीत होते. बंदोबस्ताला उभा राहणारा शिपाई आता लोकांच्या घरातला वाद मिटवू लागला, त्यामुळे त्याला माणसे कळू लागली आणि माणसांना तो.

आमच्या कमिटीत धर्माविषयी बोलणे फारच क्वचित होत असे, हे ऐकून तुला नवल वाटेल. बोलणे व्हायचे ते नळाच्या वेळेचे, तुंबलेल्या गटाराचे आणि रात्रपाळीच्या मागांच्या खडखडाटाचे. एकदा एका मुलाची सायकल एका म्हाताऱ्या चाच्यांना लागली आणि त्यांच्या नातवाने त्याला दोन थपडा मारल्या. संध्याकाळपर्यंत आमच्या आळीत बातमी आली ती ‘पोराचे डोके फोडले’ अशी, आणि पलीकडे गेली ती ‘म्हाताऱ्याला मुद्दाम पाडले’ अशी. कमिटीतल्या दोन बायका, एक आमच्या आळीतली आणि एक पलीकडची, हवालदारांना बरोबर घेऊन आधी मुलाच्या घरी गेल्या आणि मग चाच्यांच्या घरी. त्यांनी मुलाचे डोके आणि चाच्यांचा गुडघा स्वतः पाहिला आणि दोन्ही गल्ल्यांत उंबऱ्याउंबऱ्यावर थांबून पाहिले ते सांगितले. हे त्यांना जमले, कारण नळावरच्या भांडणांपासून त्या एकमेकींना ओळखत होत्या. अनोळखी बाईच्या शब्दावर त्या संध्याकाळी कोणी विश्वास ठेवला नसता.

६ डिसेंबर १९९२ हा रविवार होता. बाबरी मशीद पाडल्याची बातमी आली तेव्हा खोपडे साहेबांची बदली झालेली होती आणि गुलाबराव पोळ त्यांच्या जागी होते. व्यवस्था मात्र मागे राहिली होती आणि नव्या साहेबांनी ती चालू ठेवली होती. मुंबईत त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत सुमारे ९०० माणसे मारली गेली. भिवंडी, जिच्यावर सगळ्यांचे लक्ष होते, ती पेटली नाही. त्या रात्री आम्ही दोन्हीकडची माणसे नाक्यावर एकत्र बसलो होतो, आणि मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक ट्रकबरोबर जी अफवा येई तिची खातरजमा करायला दोघे जण मिळूनच जात होतो. आमचे धैर्य मोठे होते असा माझा दावा नाही. चार वर्षे दर काही आठवड्यांनी ज्यांच्याशी गटारावरून वाद घातला, त्यांच्याविषयी कोणी काहीही सांगितले तरी आधी त्यांनाच जाऊन विचारावे, एवढी सवय आम्हाला लागली होती.

हेच शहर २००६ च्या जुलैत पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या जागेवरून भडकले, हे तुझ्यासारख्या पोलीस अधिकाऱ्याने विसरता कामा नये. गोळीबारात दोन तरुण गेले आणि जमावाच्या हातून दोन पोलीस शिपाई. आमच्या भागातल्या बैठका तोवर विरळ झाल्या होत्या, जुने सदस्य थकले होते आणि नवे कोणी घेतले नव्हते. संवाद एकदा झाला म्हणजे टिकला, असे समजणे किती महागात पडते, ते मी तेव्हा पाहिले.

मुंबईत दंगलीनंतर, १९९४ मध्ये, माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि त्या वेळचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिट्यांचे काम उभे राहिले. अशा कामातून काय साधू शकते, याचे अलीकडचे उदाहरण तुझ्या डोळ्यांसमोरचे आहे. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला, आल्या, तेव्हा मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढण्याचे ठरवले आणि शासनाने ईदची सुट्टीही २९ तारखेला नेली. असा निर्णय आदेशाने करवता येत नाही. समोरचा माणूस आपल्या सणाचा मान राखील, हा भरवसा आधीच असावा लागतो.

तुझ्या बैठकीबद्दल सांगायचे तर जुनी यादी फाडू नकोस, ती माणसे दुखावली तर तुलाच अडचण होईल. पण तिच्याखाली प्रत्येक वस्तीतून दोन-दोन नवी नावे घाल आणि त्यांत बायका असू देत. बैठकीची वेळ रात्री आठनंतरची ठेवू नकोस, नाहीतर त्या येणार नाहीत. मिरवणुकीचा मार्ग आणि ध्वनिक्षेपकाची वेळ हे विषय शेवटी घे, आधी त्यांच्या रस्त्याचे आणि पाण्याचे ऐकून घे आणि त्यातले एखादे काम आठवडाभरात करून दाखव. तुझ्या शिपायांना मागे उभे करू नकोस, लोकांमध्ये बसव. आणि पुढची बैठक कार्तिकात किंवा मार्गशीर्षात, कोणताही सण नसताना, ठेवायची हे त्याच दिवशी जाहीर कर. बैठकीत जे अवाक्षर बोलले नाहीत, त्यांची नावे डायरीत टिपून ठेव आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या घरी जा.

आईचा तुला आशीर्वाद. जेवणाच्या वेळा सांभाळ.

तुझा,
बाबा