सूचना : वाड्यातील वायरिंगचे काम

सर्व सभासदांना नमस्कार.

चरईतील आपल्या वाड्यात अभ्यासिका सुरू होण्याआधी सगळे वायरिंग बदलत आहोत. त्यासाठी येत्या शनिवारी सकाळी ९ ते सायंकाळी ६ वीज बंद राहील. माळ्यावर लाकडी पट्टीतल्या वायरींचे रबर हात लावताच भुगा होऊन पडते. सागवानी तुळईला खेटून असे काही ठेवणे धोक्याचेच. चुन्याच्या भिंती मात्र फोडायच्या नाहीत, पाइप बाहेरूनच जातील. जुने फ्यूज काढून एमसीबी (जादा भार आल्यास आपोआप बंद होणारे स्विच), ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि नवीन अर्थिंग बसेल. वाढीव भारासाठी महावितरणकडे अर्ज केला आहे.

पितळी टोपीचे जुने गोल स्विच कृपया कोणीही नेऊ नयेत. ते दर्शनी खोलीत जपून ठेवायचे आहेत.

– कार्यवाह