गाठ काढली, पण तपासायला पाठवली का?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. कॅन्सरच्या जेनेटिक टेस्टबद्दल हल्ली पेपरात बरंच येतं, पण ती टेस्ट ज्या तुकड्यावर करायची तो तुकडाच बऱ्याचदा कचऱ्यात गेलेला असतो, त्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

खांद्यावर, पाठीवर एखादी कडक गाठ वर्षानुवर्षं हळूहळू वाढते, दुखत नाही, मग कुणीतरी चरबीची गाठ आहे म्हणून तेवढ्यापुरती भूल देऊन काढून टाकतं, टाके पडले, घरी जा. तपासायला पाठवायची कशाला, उगाच पेशंटला खर्च! वर्षा-दोन वर्षांत ती त्याच जागी परत येते आणि मग धावपळ सुरू होते. अशातल्या काही गाठी डीएफएसपी नावाच्या निघतात, हा कातडीचा एक दुर्मीळ कॅन्सर. सहसा लांब पसरत नाही पण मुळं आजूबाजूला पार खोल जातात, त्यामुळे वरवर काढली की परत येणारच. मायक्रोस्कोपखाली ती कधीकधी साध्या गाठीसारखी दिसते, सीडी३४ हा मार्कर, म्हणजे पेशींवरची ओळखखूण, पॉझिटिव्ह आला तरी तो दुसऱ्या गाठींतही येतो. तिथं फिश (FISH) नावाची जेनेटिक टेस्ट कामाला येते. १७ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे तुटून एकमेकांना जोडले गेलेत का ते त्यात दिसतं. या जोडणीमुळेच पेशींना वाढायचा सिग्नल सतत मिळत राहतो, आणि तो सिग्नल अडवणारी गोळी आहे, इमॅटिनिब, मूळची ब्लड कॅन्सरची. ऑपरेशन शक्य नसलेल्या डीएफएसपीसाठी अमेरिकेत तिला २००६ सालीच मान्यता मिळाली. आपल्याकडे तर ती जेनेरिकमध्ये मिळते.

जेनेटिक म्हटलं की नातेवाईक घाबरतात, पोरांना होईल का विचारतात. डीएफएसपीमधला बदल फक्त त्या गाठीत असतो, पोरांकडे जात नाही. उलट चेहऱ्यावरच्या तेलग्रंथींच्या काही गाठी म्युर-टोरे नावाच्या आनुवंशिक आजाराची खूण असू शकतात, तिथं मात्र घरातल्यांनीही तपासून घ्यावं लागतं कारण आतड्याच्या कॅन्सरचा धोका असतो.

आता आमच्या टेबलावर काय येतं ते सांगतो. सलाईनच्या बाटलीत बुडवलेली गाठ, वर चिकटपट्टीवर पेनाने नाव, तेही अर्धं पुसलेलं. सलाईनमध्ये तुकडा सडत जातो, तुकडा टिकवणारं फॉर्मॅलिन हे रसायनच पाहिजे, आणि त्यातही आठवडे ठेवला तर डीएनए खराब होतो. नीट आला तर आम्ही त्याचा मेणाचा ब्लॉक करतो, तो वर्षानुवर्षं टिकतो, फिशसारख्या टेस्ट त्याच्यावरच होतात. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात गेलात की पहिल्यांदा ब्लॉक आणि स्लाइडच मागतात.

प्रत्येक गाठीची जेनेटिक टेस्ट करा असं माझं अजिबात म्हणणं नाही, बहुतेकींना साधी बायोप्सी पुरते. पण काढलेली गाठ तपासायला पाठवली का, कुठल्या लॅबला, ब्लॉक नंबर काय, एवढं डिस्चार्ज कार्डवर लिहायची सक्ती सरकारने करावी. पेशंटनीही ब्लॉक मागावा, लॅब देते. फक्त सही करून न्या आणि काम झालं की परत आणून द्या, कारण नेलेले ब्लॉक परत येतात असा आमचा अनुभव नाही.

– एक लॅब टेक्निशियन, मिरज