सुधीरला पत्र: पाच इंची नळी आणि तीन सेंटिमीटरचा बंधारा

सोलापूर

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

साखर कारखान्यांची ड्रॉइंग्ज सोडून तू हैदराबादला अणुइंधनाच्या कारखान्यांचं डिझाइन करायला जातोयस हे कळलं आणि फार आनंद झाला. जाण्याआधी काय वाचू, असं विचारलंस. वाचायला ते लोक भरपूर देतील. मी तुला सवयींबद्दल लिहितो, कारण माळशिरस-पंढरपूरकडच्या कारखान्यांत हाताला जे वळण लागलंय, त्यातलं बरंचसं तिथं मोडावं लागेल.

पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचार: आपल्या लाइनवरचं युरेनियम कोणतं? आपल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांना नैसर्गिक युरेनियम लागतं, त्यात युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के. साध्या पाण्यात ते कितीही साठवलंस तरी साखळी प्रक्रिया सुरू होत नाही. तिथं काळजी करायची ती धुळीची, आम्लाची, अमोनियाची आणि हायड्रोजनची. पण तारापूरच्या १९६९ सालच्या दोन भट्ट्यांसारख्यांना समृद्ध, म्हणजे युरेनियम-२३५ चं प्रमाण वाढवलेलं, युरेनियम लागतं, आणि तो माल हातात आला की प्रत्येक भांड्याचा आकार हाच सुरक्षेचा प्रश्न होतो. मी जास्त त्याबद्दलच लिहितो, कारण डिझाइन करणाऱ्याची खरी कसोटी तिथं लागते.

आपल्याकडे द्रावण साठवायचं म्हणजे गोल, रुंद टाकी. पत्रा कमी लागतो. तिथं टाकी बारीक आणि उंच, म्हणजे न्यूट्रॉन बाहेर निसटतात आणि साखळी चालू राहत नाही. शुद्ध युरेनियम-२३५ च्या पाण्यातल्या द्रावणाला, बाहेरून पाण्याचा वेढा आहे असं धरून, सुरक्षित मर्यादा ठरलेल्या आहेत: दंडगोल असेल तर आतला व्यास १३.७ सेंमी, सपाट थर असेल तर जाडी ४.४ सेंमी, एकूण आकारमान ५.५ लिटर, आणि वजनाने बघितलं तर अवघे ७६० ग्रॅम. पाच टक्क्यांच्या मालाला मर्यादा बऱ्याच सैल होतात, पण हिशोबाची रीत हीच.

आता २०० लिटर द्रावण ठेवायचंय असं धर. ५ इंची, शेड्यूल ४० (भिंतीच्या जाडीचा ठरलेला दर्जा) नळीचा आतला व्यास १२८ मिमी, म्हणजे मीटरला सुमारे १२.९ लिटर. चार मीटर उंचीचे चार कॉलम लावलेस की २०६ लिटर बसतात. पण ५ इंची नळी बाजारात सहज मिळत नाही. खरेदी विभागाकडून हमखास विचारणा येते: ६ इंची चालेल का? तिचा आतला व्यास १५४ मिमी, म्हणजे मर्यादेच्या बाहेर. साखर कारखान्यात असा बदल साइटवर एका सहीने होतो. इथं नळीचं माप बदललं की क्रिटिकॅलिटीचा, म्हणजे साखळी प्रक्रिया सुरू होऊन टिकेल का याचा, हिशोब पुन्हा पहिल्यापासून. म्हणून ड्रॉइंगवर नुसता नॉमिनल साइज लिहू नकोस. आतला कमाल व्यास मिलिमीटरमध्ये लिही, आणि नायट्रिक आम्लाने नळी आतून झिजून व्यास वाढतो तेही धरून लिही. शिवाय एक कॉलम एकटा सुरक्षित असला म्हणून चार शेजारी-शेजारी सुरक्षित असतीलच असं नाही. एकातून निसटलेले न्यूट्रॉन दुसऱ्यात शिरतात. दोन कॉलममधलं अंतर काढायला वेगळी गणितं करावी लागतात, आणि ते अंतर पोलादी सांगाड्याने पक्कं करायचं. जमिनीवर रंगाचा पट्टा मारून भागत नाही.

गळतीचा बंधारा हे दुसरं वळण. डिस्टिलरीच्या अल्कोहोल टाक्यांभोवती आपण काय करतो? टाकी फुटली तर सगळा माल मावेल असा खोल बंधारा. इथं खोल बंधारा म्हणजे तूच बांधलेलं धोक्याचं भांडं. सांडलेलं द्रावण पसरलं पाहिजे, साठता कामा नये. २०० लिटरला ३ सेंमीची खोली धरलीस तर जवळजवळ ६.७ चौरस मीटर जमीन लागते. आणि फरशीचा उतार! गवंडी सवयीने नहाणी ट्रॅपकडे शंभराला एक उतार देतो. चार मीटरच्या खोलीत तो ४ सेंमी होतो. म्हणजे सरासरी ३ सेंमी धरलेलं द्रावण खालच्या कडेला ५ सेंमी झालं आणि मर्यादा ओलांडली. शिवाय जाड काँक्रीट न्यूट्रॉन परत फेकण्यात पाण्यापेक्षाही पुढे असतं, त्यामुळे ४.४ हा आकडाही तिथं जसाच्या तसा वापरता येत नाही. फरशी सपाट घे, बंधाऱ्याला ठरलेल्या उंचीवर सांडवा ठेव, आणि सांडव्याचं द्रावण बारीक कॉलममध्येच जाऊ दे. सिव्हिलवाल्यांशी हे बोलणं स्लॅब ओतण्याआधी व्हायला हवं.

पावडरच्या खोलीत उलटं आहे. कोरड्या पावडरला मोठं हॉपर चालतं ते फक्त ती कोरडी आहे म्हणून. पाणी हे न्यूट्रॉनचा वेग कमी करतं आणि साखळीला मदत करतं. म्हणून त्या खोलीच्या वरून पाण्याची लाइन नाही, एसीच्या पाण्याची नळी नाही, गच्चीचं पावसाळी पाणी उतरवणारा पाइप नाही. आपल्याकडे स्लॅब गळला की खाली बादली ठेवून पावसाळा काढतात, तिथं गळका स्लॅब हा क्रिटिकॅलिटीचा प्रश्न असतो. प्रेसचं हायड्रॉलिक तेल आणि पेलेट, म्हणजे इंधनाच्या गोळ्या, दाबताना मिसळायचं झिंक स्टिअरेट यांतही हायड्रोजन असतो, तेही हिशोबात धरायचं.

जपानमधल्या तोकाइमुराचा अपघात नीट अभ्यास. ३० सप्टेंबर १९९९. १८.८ टक्के समृद्ध युरेनियम, एका खेपेची मर्यादा २.४ किलो. कामगारांनी स्टीलच्या बादलीत विरघळवून सुमारे १६ किलो युरेनियमचं द्रावण रुंद अवक्षेपण टाकीत ओतलं. त्या टाकीभोवती थंड पाण्याचं जॅकेट होतं आणि ते पाणी न्यूट्रॉन आत परतवत राहिलं. साखळी प्रक्रिया सुमारे वीस तास चालली. जॅकेटचं पाणी काढल्यावर ती थांबली, मग खबरदारी म्हणून बोरिक आम्ल घातलं. दोघांचा जीव गेला. आता डिझाइनवाल्याने बघायची गोष्ट: तिथं बारीक, सुरक्षित आकाराचा कॉलम होता. पण त्यातून माल काढायचा कॉक जमिनीलगत, गैरसोयीचा, आणि ढवळणंही नीट होत नव्हतं. रुंद टाकी मात्र हाताशी होती. कामगारांना पुरेसं शिकवलं नव्हतं हे खरंच, आणि तो दोष मोठा आहे. पण सुरक्षित वाट अवघड आणि धोक्याची वाट सोपी ठेवणारं ड्रॉइंगही मला तितकंच दोषी वाटतं. कॉक कमरेच्या उंचीला आण, खाली बाटली ठेवायला जागा दे, आणि रुंद भांड्याला ते द्रावण पोचेल अशी नळीच देऊ नकोस.

हवेचं थोडक्यात. दाब बाहेरून आत उतरता हवा: कॉरिडॉर, मग खोली, मग ग्लव्हबॉक्स (हातमोजे बसवलेली बंद पेटी). ग्लव्हबॉक्स खोलीपेक्षा साधारण २५ मिमी पाण्याच्या दाबाने कमी. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, पण तो डक्टच्या शेवटी टाकून समाधान मानू नकोस. यंत्रमागाच्या शेडमध्ये रुई कशी तुळईवर, पाइपवर चढते, तशी ही पावडरही कानाकोपऱ्यात जाते. फक्त ती दिसत नाही आणि तरंगत नाही. युरेनियम डायऑक्साइडची घनता १०.९६, शिशाच्या जवळपास. आडव्या डक्टच्या तळाशी आणि एल्बोमध्ये, म्हणजे वळणाच्या तुकड्यात, ती वर्षानुवर्षं साचते. कागदावरच्या हिशोबापेक्षा जो माल कमी भरतो, तो बऱ्याचदा तिथं असतो, आणि समृद्ध असेल तर तो साठा मोजावाच लागतो. म्हणून पहिला फिल्टर ग्लव्हबॉक्सच्या तोंडाशीच, डक्ट शक्य तितका उभा, एल्बोला तपासणीचं झाकण. कॉम्प्रेस्ड एअरने झटकणं पूर्ण बंद.

सिंटरिंगची, म्हणजे दाबलेले पेलेट भाजून घट्ट करायची, भट्टी तुला आवडेल. हायड्रोजनमध्ये सुमारे १७०० अंश सेल्सिअस, मॉलिब्डेनमच्या ट्रेमध्ये पेलेट पुढे सरकतात. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के असेल तर पेटतो. वीज गेली की हायड्रोजनचा व्हॉल्व्ह आपोआप बंद आणि नायट्रोजनचा उघडा, थंडाव्याचं पाणी पंपाविना वरच्या टाकीतून उतरणारं. आणि छताकडे बघ: दोन तुळयांच्या मधल्या खणात हायड्रोजन साचून राहतो. त्या खणांना वाट दे किंवा तुळया स्लॅबच्या वर घे.

झिरकॅलॉयच्या (झिरकोनियमच्या मिश्रधातूच्या) ज्या नळ्यांत पेलेट भरतात, त्यांच्या खात्यात बारीक कीस पेटतो. त्यावर पाणी मारायचं नाही, कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीची पावडर. कीस रोजच्या रोज हलवायला छोटे डबे आणि त्यांना वेगळी जागा लेआउटमध्येच दाखव, नाहीतर तो मशीनमागे साठतो.

तिथली ड्रॉइंग्ज गोपनीय असतात, मला काही पाठवू नकोस आणि फोनवर लाइनबद्दल बोलूही नकोस. सर्वसाधारण शंका मात्र केव्हाही विचार. निघायच्या आधी एकदा घरी ये, कॉलममधल्या अंतराचा हिशोब पुस्तकी उदाहरणावर दोघं मिळून करू. काका-काकूंना नमस्कार, वहिनींना आणि पोरांना आठवण.

तुझा
श्रीधर